जुनं स्टेशन, वाफेचं इंजिन आणि जुन्या काळातला चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वातंत्र्यपूर्व किंवा पन्नास-साठच्या दशकातली कथा पडद्यावर आणायची म्हटलं की पटकथेत कुठे तरी रेल्वे येतेच. कुणाला निरोप द्यायचा असतो, कुणी तुरुंगातून सुटून येतं, कुणी पहिल्यांदा मुंबई बघतं. दिग्दर्शक, कलादिग्दर्शन विभागातले सहाय्यक, लघुपट करणारे विद्यार्थी आणि चित्रपट बारकाईनं पाहणारे रेल्वेप्रेमी यांच्याकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आणि गोव्यातली आहेत.

सुरुवात कुठून करायची? आधी इंजिन शोधायचं की स्टेशन?

दोन्ही नंतर. आधी साल आणि गाव ठरवा. 'साधारण ब्रिटिशांचा काळ' एवढ्यावर रेल्वेचा प्रसंग उभा राहत नाही. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिथपासून १९४७ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षं होतात. या काळात इंजिनं बदलली, डबे बदलले, कंपन्या बदलल्या, घड्याळाची वेळसुद्धा बदलली. १८९७ च्या प्लेगमधलं पुणे आणि १९४२ च्या चळवळीतलं पुणे या दोन्हींना एकच स्टेशन आणि एकच गाडी चालत नाही.

साल आणि गाव हातात आलं की चार गोष्टी आपोआप ठरतात: तिथे तेव्हा रेल्वे होती का, असेल तर कुठल्या गेजची (म्हणजे दोन रुळांमधल्या किती अंतराची), कुठल्या कंपनीची, आणि गाडी वाफेवर चालत होती की विजेवर. ही चार उत्तरं कागदावर आल्याशिवाय लोकेशन बघायला निघू नका. आवडलेलं लोकेशन सोडवत नाही आणि मग इतिहासच वाकवला जातो.

काळ्या इंजिनातून धूर निघाला की काळ उभा राहतोच ना? एवढा विचार प्रेक्षक करतात का?

करतात, आणि दरवर्षी जास्त करतात. आपल्याकडे निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची घरं गावोगाव आहेत. त्यांच्या घरात असा चित्रपट लागला की पहिलं वाक्य इंजिनाबद्दलच असतं.

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे डब्ल्यूपी वर्गाचं इंजिन. बंदुकीच्या गोळीसारखं गोल नाक, त्यावर चांदणी आणि बाजूंनी झाकलेलं अंग. हे इंजिन देखणं आहे, चालू स्थितीत मिळतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. पण या वर्गाची पहिली इंजिनं १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून आली. म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या किंवा 'चले जाव'च्या प्रसंगात ते दिसलं तर सरळसरळ चूक. मालगाडीचं डब्ल्यूजी वर्गाचं इंजिन तर १९५० पासूनचं. त्या वर्गातलं शेवटचं इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० साली बाहेर पडलं. त्याचं नावच 'अंतिम सितारा'.

तुमची कथा १९५० ते १९८० मधली असेल तर डब्ल्यूपी अगदी बरोबर आहे, बिनधास्त वापरा. त्याआधीची असेल तर इंजिन दुरून दाखवा, रात्री दाखवा, नुसती चाकं आणि दांडे दाखवा किंवा वाफेत अर्धवट झाकलेलं दाखवा. नाकावर कॅमेरा नेण्याचा मोह मात्र टाळा.

आमची कथा साताऱ्याची (किंवा कोल्हापूरची, पंढरपूरची, औरंगाबादची) आहे. ब्रॉडगेजची गाडी चालेल का?

बहुतेक वेळा नाही. आज सगळीकडे एकाच मापाचे रूळ दिसतात म्हणून हे लक्षात येत नाही, पण जुन्या महाराष्ट्राचा मोठा भाग मीटरगेज आणि नॅरोगेजवर चालत होता.

पुण्याहून सातारा रोड, मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारी लाइन मीटरगेज होती. ती ब्रॉडगेज झाली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. महाबळेश्वरला जाणारे लोक वाठारला उतरायचे, तेही याच लहान गाडीतून. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी निजामाच्या राज्यातली लाइनही मीटरगेजच, थेट नव्वदच्या दशकापर्यंत. पंढरपूरला वारकरी ज्या गाडीनं यायचे ती बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरची. ही लाइन १८९७ साली सुरू झाली आणि तिचं रूपांतर आपल्या डोळ्यांदेखत, या शतकात झालं. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी 'शकुंतला' पण नॅरोगेजच. तिचं मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं.

फरक नुसता रुळांच्या मापाचा नाही. मीटरगेजचा डबा अरुंद असतो, छत खाली असतं, समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. माणसं जवळ येतात, बोलणं हळू होतं. हा फायदा दिग्दर्शकानं घ्यावा. ब्रॉडगेजच्या ऐसपैस डब्यात तोच प्रसंग पातळ होतो.

कोकणातल्या कथेत रेल्वे दाखवायची आहे.

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. नव्वदच्या दशकाआधीच्या रत्नागिरीत, चिपळुणात, कुडाळात रेल्वे नव्हती. चाकरमानी बोटीनं यायचे, नंतर एसटीनं. १९४० सालच्या रत्नागिरीत स्टेशनवरचा निरोप लिहिला असेल तर तो बंदरावर न्या. धक्का, पडाव, भोंगा, लाटांत हेलकावणारं सामान असं सगळं मिळेल आणि ते खरंही असेल.

आपटा स्टेशनाबद्दल खूप विचारणा होते. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट तिथे चित्रित झाला, तेव्हापासून ते प्रसिद्ध आहे. डोंगर, झाडी, शांत फलाट, सगळं सुंदर आहे. पण ही लाइनच १९६० च्या दशकातली. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व कथेत कुणी स्टेशन ओळखलं तर अडचण होते. दुसऱ्या काल्पनिक गावाचं नाव देऊन वापरता येईल, पण आता वर विजेच्या तारा आहेत.

गोव्याची गोष्ट वेगळी. मुरगावहून दूधसागरच्या घाटातून लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज लाइन पोर्तुगीज काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. हद्दीच्या अलीकडे कॅसलरॉक, पलीकडे कुळे. दोन राजवटींची जकात, सामानाची उलथापालथ, कागदपत्रांची तपासणी. मराठी आणि कोंकणी कथाकारांनी या सीमेवरच्या फलाटाचा अजून पुरेसा उपयोग केलेला नाही असं मला मनापासून वाटतं.

मुंबई-पुणे प्रवास १९३५ सालचा आहे. वाफेचं इंजिन लावू ना?

नका लावू. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा ठरतो. व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. १९२९-३० पर्यंत विजेच्या तारा बोरघाट चढून पुण्याला आणि थळघाट चढून इगतपुरीला पोचल्या होत्या. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावर धावली. तिचा एक रेक (डब्यांचा संच) चंदेरी रंगाचा आणि दुसरा गडद निळा होता. आणि तिच्यात थर्ड क्लास नव्हता. तो आला जून १९५५ मध्ये. त्यामुळे गरीब नायक १९३५ साली डेक्कन क्वीनमध्ये बसलेला दाखवू नका, त्याला साध्या पॅसेंजरनं पाठवा.

या कथेत तारा पुसायच्या नाहीत, उलट त्या दिसल्याच पाहिजेत. फक्त खांब आजच्यासारखे गुळगुळीत नकोत, रिवेट मारलेले जाळीदार हवेत. १९२५ पूर्वीची मुंबई किंवा १९२९ पूर्वीचा बोरघाट असेल तर वाफ. तेव्हा घाटात खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला थांबून उलट्या दिशेनं पुढची चढण चढायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झालं. चित्रपटासाठी इतकी नाट्यमय जागा असताना लोक तेच ते बोगदे दाखवतात.

आज चालू वाफेची इंजिनं कुठे मिळतात?

ब्रॉडगेजसाठी पहिलं नाव हरियाणातल्या रेवाडीच्या शेडचं. १८९३ साली सुरू झालेली ही शेड आता वारसा शेड म्हणून जपली आहे. हिंदी चित्रपटांत दिसणारी वाफेची इंजिनं बऱ्याचदा इथली असतात. 'अकबर' नावाचं डब्ल्यूपी इंजिन त्यांत सर्वांत ओळखीचं. इथे स्वातंत्र्यपूर्व इंजिनंही आहेत: 'अंगद' हे १९३० सालचं अवजड मालगाडीचं इंजिन आणि 'फेअरी क्वीन' हे १८५५ सालचं छोटंसं इंजिन. कुठलं इंजिन कोणत्या वेळी वाफेवर आहे हे बदलत राहतं. दुरुस्ती, बॉयलरची तपासणी, नियोजित फेऱ्या यांवर ते ठरतं. फोटो बघून पटकथा लिहू नका, आधी शेडला विचारा.

डोंगरातली गाडी हवी असेल तर निलगिरी आणि दार्जिलिंग. निलगिरीची गाडी मीटरगेज आहे, मध्ये दातेरी रूळ आहे, आणि तो क्रीम-निळा रंग लगेच ओळखू येतो. दार्जिलिंगची दोन फुटी. माथेरानची लाइन १९०७ सालची, तीही दोन फुटी. तिथली नेहमीची सेवा आता डिझेलवर चालते, पण वळणं, झाडी आणि लहानशी स्टेशनं जुन्या काळाला साजेशी आहेत.

एक सावधगिरी. पर्यटकांसाठी काही मार्गांवर वाफेच्या इंजिनाचं रूप दिलेली डिझेल किंवा विजेची इंजिनं धावतात. सहलीला ठीक, क्लोजअपमध्ये नाही. दांड्यांची हालचाल आणि वाफेचा दाब यांची नक्कल रंगानं होत नाही.

सगळ्यात मोठी अडचण कोणती?

डोक्यावरच्या तारा. इंजिनापेक्षाही मोठी. मध्य रेल्वेचं ब्रॉडगेज विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झालं, कोकण रेल्वेचं त्याआधी २०२२ मध्ये. देशभर हेच चित्र आहे. रेल्वेसाठी आणि हवेसाठी ही चांगलीच गोष्ट आहे, पण जुन्या काळाची चौकट शोधणाऱ्याला मोकळं आकाश मिळेनासं झालंय.

अडचण दिसण्यापुरती नाही. त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि स्पर्श न करताही, नुसतं जवळ गेल्यानं धक्का बसू शकतो. क्रेन, जिब, उंच स्टँडवरचे दिवे, बांबूची परांची, लांब बूम, पाण्याचा फवारा, हे सगळं तिथे जिवावर बेतू शकतं. दोन मीटरच्या आत माणूस किंवा सामान जाता कामा नये. वाफेच्या इंजिनाचीही पंचाईत होते, कारण कोळसा सारखा करायला खलाशाला टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, चढता येत नाही. त्यासाठी पॉवर ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरता वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो. तो रेल्वेच्याच माणसांनी घ्यायचा, त्यांनीच तार जमिनीला जोडायची, आणि त्यांचा लेखी होकार आल्याशिवाय कुणीही वर हात करायचा नाही. दिग्दर्शकाला कितीही घाई असो.

चौकटीत तारा टाळायच्या तर काही मार्ग आहेत. फलाटाच्या छपराखाली कॅमेरा ठेवला की वरचा भाग झाकला जातो. उंचावरून खाली पाहिलं की आकाशच येत नाही. रात्री फलाटापुरता उजेड ठेवला की तारा अंधारात बुडतात. राहिलेल्या व्हीएफएक्सवाले पुसतात, पण धुरामागची हलणारी तार पुसणं कष्टाचं आणि खर्चाचं काम आहे. म्हणून व्हीएफएक्सच्या माणसाला लोकेशन पाहायलाच सोबत न्या.

सर्वांत चांगला उपाय मात्र बाजूला पडलेल्या जागा शोधणं हाच. मध्य प्रदेशात महूजवळचा पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेज पट्टा किंवा राजस्थानात मावळी-मारवाड लाइनवरचा घाट अशा ठिकाणी डोक्यावर आकाश आहे. भव्य पण तारांनी वेढलेल्या स्टेशनापेक्षा एक खोली, एक निंबाचं झाड आणि एक बाक असलेलं आडबाजूचं स्टेशन जुना काळ जास्त खरा दाखवतं. हे मी प्रत्येक दिग्दर्शकाला सांगतो.

तारा गेल्या, इंजिन मिळालं. आणखी काय खटकतं?

जमिनीकडे बघा. आजचे स्लीपर काँक्रीटचे आहेत, जुने लाकडाचे किंवा लोखंडी होते. उंचावरून घेतलेल्या शॉटमध्ये तारा लपतात, पण काँक्रीटचे पांढुरके स्लीपर लगेच उघडे पडतात. चालू मार्गावर त्यांना हात लावता येत नाही. परवानगी असेल तर बाजूच्या सायडिंगवर खडी आणि वाळकं गवत पसरून ते झाकता येतात.

मग फलाटाच्या कडेची पिवळी खडबडीत टाइल, प्लास्टिकचे डबे, सीसीटीव्ही, डिजिटल फलक, स्टीलची बाकं. हे सगळं काढता किंवा झाकता येतं, म्हणून त्याची काळजी कमी.

सिग्नलची काळजी जास्त. जुन्या स्टेशनाबाहेर हात असलेला सेमाफोर सिग्नल हवा. रात्री त्यात रॉकेलचा दिवा असायचा. एकेरी लाइनवर गोळा, म्हणजे पुढे जायच्या परवानगीची खूण, दिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. तो गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत असायचा, आणि सांधेवाला धावत्या इंजिनासमोर कडं उंच धरून उभा राहायचा. ड्रायव्हरच्या बाजूचा माणूस हात बाहेर काढून ते उचलायचा. एवढं एक दृश्य नीट केलं तर स्टेशनातलं बाकी सामान कमी असलं तरी चालतं.

पाट्यांवर मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे ही नावं ५ नोव्हेंबर १९५१ नंतरच येऊ द्या. त्याआधी जीआयपी, बीबीसीआय, मद्रास अँड सदर्न मराठा, निजाम स्टेट अशा कंपन्या होत्या. इंग्रजी पाटीवर पूना, किर्की, थाना, शोलापूर, बेसीन रोड. अक्षरं हातानं रंगवलेली हवीत. संगणकावर काढलेली देवनागरी पेंटरच्या देवनागरीपासून लांबूनही वेगळी ओळखू येते. अंतर मैलात, उंची फुटांत, भाडं आण्यांत. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला.

चाळीसच्या दशकातल्या फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या सोयी होत्या. काही निर्माते वाद नको म्हणून हे गाळतात. मला ते चुकीचं वाटतं. तो काळ जसा होता तसाच दाखवावा.

स्टेशनवरचं घड्याळ किती वाजलेले दाखवायचं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण मला अतिशय आवडतो. १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ आली आणि रेल्वे त्या वेळेवर चालू लागली. मुंबई शहरानं मात्र आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. नगरपालिकेनं ती १९५५ पर्यंत चालू ठेवली. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. म्हणजे शहरातल्या घड्याळावर विसंबून निघालेला माणूस स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटलेली असू शकते. पटकथाकारांनी यातून गाडी चुकण्याचा प्रसंग घडवावा. तो पूर्णपणे इतिहासाला धरून असेल.

डबे कसे असावेत?

लाकडी अंगाचे, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट नसलेले. पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे १९५५ पासूनचे. ओळखीचा निळा रंग तर नव्वदच्या दशकातला. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड असे चार वर्ग असत. मग इंटर गेला, आणि थर्ड क्लास गेला तो १९७४ साली. तिकीट जाड पुठ्ठ्याचं, बोटभर. तिकीट खिडकीतलं तारीख उमटवणारं यंत्र आणि त्याचा 'खट्' आवाज विसरू नका.

पूर्ण गाडी जुनी मिळत नाही. दोन डबे नीट सजवा, बाकीचे दूर ठेवा. डब्यातले संवाद बहुतेक वेळा स्टुडिओत स्प्रिंगवर हलणाऱ्या सेटमध्येच होतात, आणि ते योग्यच आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये जुन्या काळाचं चित्रीकरण करता येतं का?

येतं, पण मर्यादेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आखलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ मध्ये बांधली गेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकीटघराच्या दालनातल्या कमानी, दगडातली नक्षी, रंगीत काचा, जिना यांना सजावटीची गरजच नाही. फलाटाकडे वळलात की लोकल, इंडिकेटर आणि गर्दी. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत मध्यरात्रीचे जेमतेम तीन तास हाती असतात. त्यात दिवे लावून, शॉट घेऊन, सगळं आवरून बाहेर पडायचं. म्हणून वास्तू इथली घ्या, गाडी दुसरीकडची.

भायखळा स्टेशनही पाहून या. त्याची जपणूक इतकी निगुतीनं झाली की २०२२ मध्ये युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक विभागाच्या पुरस्कारांत तिची दखल घेतली.

परवानगी कुणाकडे मागायची?

ज्या विभागीय रेल्वेचं स्टेशन असेल तिच्या मुख्य जनसंपर्क अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रातलं प्रत्येक स्टेशन मध्य किंवा पश्चिम रेल्वेचं असतं असं समजू नका. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत येतं, गोंदिया दक्षिण पूर्व मध्यमध्ये, रत्नागिरी कोकण रेल्वेत, आणि गोव्यातलं कुळे दक्षिण पश्चिममध्ये. केंद्राच्या फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसमार्फतही अर्ज करता येतो.

रेल्वेशी संबंधित प्रसंगांची पटकथा, दिवस आणि वेळ, माणसांची संख्या, सामानाची यादी, विमा, अनामत रक्कम हे लागतं. शुल्क स्टेशनाच्या दर्जानुसार बदलतं. गाडी भाड्यानं घ्यायची तर तिचा हिशेब वेगळा, सुरक्षा दलाचा बंदोबस्त वेगळा. अपघात, घातपात, जाळपोळ असे प्रसंग असतील तर पटकथा बारकाईनं तपासली जाते. ते लपवून परवानगी घेऊ नका. सेटवर रेल्वेचा माणूस हजर असतो आणि तो तिथल्या तिथे काम थांबवू शकतो.

वाफेच्या इंजिनासोबत शूटिंगचा दिवस कसा आखायचा?

इंजिनाच्या वेळेनं. थंड बॉयलर तापून पुरेसा दाब यायला कितीतरी तास लागतात. पहाटेचा शॉट हवा असेल तर शेडमधली माणसं आदल्या रात्रीच कामाला लागतात. तुमच्या कॉलशीटमध्ये त्यांच्या जेवणाची आणि झोपेची सोय असलीच पाहिजे. ती नसलेल्या कॉलशीट मी पाहिल्या आहेत. हे लोक चित्रपटाचे तंत्रज्ञच आहेत, त्यांची नावं श्रेयनामावलीत यायला हवीत.

पाण्याचं आधी बघा. डब्ल्यूपीच्या टेंडरमध्ये सुमारे २५ हजार लिटर पाणी मावतं आणि ते भराभर संपतं. स्टेशनांवरचे पाण्याचे जुने खांब आता नाहीत किंवा कोरडे आहेत, त्यामुळे टँकर लागतो. इंजिन फिरवायला टर्नटेबल नसेल तर परतीच्या वेळी ते टेंडर पुढे करून येतं.

'वन मोअर' म्हणण्याआधी विचार करा. गाडी थांबवणं, मागे नेणं, सिग्नल मिळणं, दाब पुन्हा चढवणं यांत अर्धा तास सहज जातो, आणि तोवर ऊन सरकलेलं असतं. तालीम गाडीशिवाय करा. हमाल, चहावाला, निरोप देणारी बाई यांच्या जागा खडूनं आखून ठेवा. गाडी आली की कॅमेरे दोन-तीन लावा. बऱ्याचदा गाडीच्या मागच्या टोकाला डिझेल इंजिन जोडून ठेवतात, वाफेचं अडलं तर ढकलायला. ते चौकटीबाहेर राहील याची जबाबदारी एका माणसावर टाका.

धूर काळा हवा की पांढरा?

पांढरी दिसते ती वाफ, काळा दिसतो तो न जळलेला कोळसा. गाडी सुटताना, चढावर जोर लावताना काळा धूर शोभतो. फलाटावर उभ्या इंजिनाला तो शोभत नाही. चांगला फायरमन तेव्हा धूर होऊच देत नसे. वाफ दाट हवी तर डिसेंबर-जानेवारीची पहाट गाठा. मे महिन्यातल्या दुपारी तीच वाफ हवेत विरून जाते आणि मग धूरयंत्र लावावं लागतं. ठिणग्यांमुळे रुळांकडेचं वाळलेलं गवत पेट घेतं, म्हणून पाणी घेतलेली माणसं जवळ ठेवा.

नायकाला टपावरून पळवायचं आहे.

टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून प्रवास करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे. चित्रपटासाठी असा प्रसंग करायचा तर भाड्यानं घेतलेली स्वतंत्र गाडी, रेल्वेची स्पष्ट मंजुरी, डोक्यावर तार नसलेला मार्ग, अगदी मंद वेग आणि अंगाला दोर. त्यापेक्षा जमिनीवर डब्याच्या छताचा सेट बांधा. परवानगीविना रुळांवर जाऊन 'पटकन एक शॉट' घेण्याबद्दल माझ्याकडे विचारणा करू नका. त्यात तरुण मुलं गेली आहेत.

आवाजाचं काय?

जागेवरचा आवाज संवादांसाठी उपयोगाचा नसतो, पण तो ध्वनिमुद्रित जरूर करा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे येतात. गाडीचा वेग आणि फुसकारे जुळले नाहीत तर कानाला लगेच कळतं. जुन्या रुळांचा ठरावीक अंतरानं येणारा खडखडाट सांध्यांमुळे यायचा. आता रूळ लांबच लांब जोडलेले असल्यानं तो येत नाही, नंतर घालावा लागतो. गाडी विजेची असेल तर शिट्टीही वेगळी आणि फुसकारे मुळीच नाहीत.

खरं स्टेशन घेण्यापेक्षा सेट बरा नाही का?

आग, दंगल, फाळणीची गर्दी, गोळीबार असेल तर सेटच बरा. हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत स्टेशनाचा कायमचा सेट आहे. पण शांत प्रसंगाला खरी जागा द्या. शंभर वर्षं पावलांनी झिजलेली पायरी आणि हातांनी गुळगुळीत झालेला लाकडी कठडा सुतारकामात तितका खरा उतरत नाही.

जुन्या वास्तूला इजा होऊ नये म्हणून काय करावं?

दगडात, सागवानात, नक्षीच्या ओतीव खांबात एकही खिळा ठोकू नका. पाट्या स्वतःच्या पायांवर उभ्या करा किंवा मऊ कापड घालून पट्ट्यांनी बांधा. जुन्या दगडावर रंग नको, चिकटपट्टी नको, 'धुऊन निघतो' म्हणणारा रंगसुद्धा नको, कारण सच्छिद्र दगड तो पिऊन टाकतो. तापणारे दिवे रंगीत काचांपासून लांब. येण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, जाताना तेच फोटो समोर धरून स्टेशन मास्तरांबरोबर फिरा. शूटिंगच्या पैशातून जुनी स्टेशनं जपली जाऊ शकतात यावर माझा विश्वास आहे. पण एका कंपनीनं भिंत खराब केली की पुढच्या दहांना दार बंद होतं.

आणि प्रवाशांना अडवू नका. कुणाची तरी आई त्या गाडीनं दवाखान्यात चाललेली असते.

आम्ही विद्यार्थी आहोत. इंजिन भाड्यानं घ्यायला पैसे नाहीत. काय करू?

गाडी दाखवूच नका. वेटिंग रूममधली आरामखुर्ची, पुठ्ठ्याचं तिकीट, खिडकीतून सरकत जाणारा उजेड, पडद्यावर हलणाऱ्या सावल्या, आणि वर सांगितलेला चार फुसकाऱ्यांचा आवाज. एवढ्यात गाडी आली आणि गेली हे प्रेक्षकाला कळतं. बंद पडलेल्या नॅरोगेज लाइनवरच्या स्टेशनांच्या इमारती अजून जागोजागी उभ्या आहेत. मालकी कुणाची ते विचारून रीतसर परवानगी काढा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जुने डबे जवळून पाहता येतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. सिग्नल, सांधे आणि गाड्यांची हालचाल समजून घ्यायला तिथे एक दुपार काढा, वही घेऊन. गावात निवृत्त ड्रायव्हर किंवा तारमास्तर असतील तर त्यांच्या घरी जा, आपली पटकथा वाचून दाखवा आणि ते जिथे थांबवतील तिथे लिहून घ्या.